पुरात बुडालेल्या स्कूटरचं वायरिंग: मोजत मोजत काय सापडलं

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो, इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवा त्याच्या तालावर बारीक लुकलुकतो, आणि दोन्ही चालू असताना हॉर्न दिला तर नुसती घरघर. शनिवारी संध्याकाळी स्टँडला लावलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फ मारला की टक्, बस. इतकं सगळं एकाच स्कूटरला, आणि वरून हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की फ्यूज उडायला लागला, तेव्हा मी म्हटलं आता बास, आता पॅनेल आपणच उघडायचं.

गाडी २०१२ची, ११० सीसी, कार्ब्युरेटरवाली. कंपनीचं नाव सांगत नाही कारण दोष कंपनीचा नाहीच, दोष विश्वामित्री नदीचा. ऑगस्ट २०२४ मध्ये गोकुळाष्टमीच्या सुमाराला बडोद्याला जो पूर आला तो बहुतेकांना आठवत असेल, धोक्याची पातळी २६ फूट आणि नदी गेली ३५च्याही वर, लोकांच्या अंगणात मगरी. आमच्या कारेलीबागच्या सोसायटीत पार्किंगमध्ये पाणी आलं ते स्कूटरच्या फुटबोर्डाच्या बरंच वर, सीटच्या जरा खालपर्यंत, आणि ते काही लगेच उतरलं नाही. उतरल्यावर सेल्फ न मारता ढकलत नेली, ऑइल बदललं, कार्ब्युरेटर साफ झाला, एअर फिल्टर नवा, गाडी पहिल्या किकला चालू. सगळे खूश. वायरिंगला म्हणजे वरून हवा मारली आणि झालं.

पण पुराचं पाणी म्हणजे काही पावसाचं पाणी नव्हे, त्यात गटार, माती, क्षार सगळं आलं. पाणी वाळतं, क्षार राहतात कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या प्लगच्या) आत आणि वायरच्या आवरणाखाली, आणि हवेत जरा दमटपणा आला की परत ओले होऊन तांबं खायला लागतात. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना, तोच हिरवा प्रकार, फक्त इथे तो काळ्या टेपच्या आत चालू असतो आणि दिसत नाही. म्हणून पुरानंतर लगेच नाही तर पुढच्या वर्षी एकेक करून गोष्टी बिघडायला लागल्या, आणि तोपर्यंत पुराचा आणि हॉर्नचा काही संबंध असेल हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

मेकॅनिककडे नेली तर त्याने सेल्फ मारून बघितला आणि म्हणाला, "बेन, बेटरी बेसी गई छे, नवी नाखी दो." नवी टाकली, हजाराच्या वर गेले. पुढच्या सोमवारी परत टक्. मग तो म्हणाला की आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) गेलं असणार, ते चार्जिंग करत नाही, ते बदलू, आणि त्यानेही नाही झालं तर अख्खं वायरिंग नवं टाकू. त्याला दोष देत नाही, त्याच्याकडे दिवसाला इतक्या गाड्या येतात की मीटर घेऊन बसायला वेळ कुठे, पार्ट बदलून बघणं हेच त्याला परवडतं. मला मात्र ते परवडत नव्हतं.

माझे सासरे रेल्वेत इलेक्ट्रिकलला होते, प्रतापनगरला, आता डोळ्यांनी बारीक दिसत नाही पण डोकं शाबूत. मी मल्टिमीटर घेऊन खाली निघाले तर म्हणाले, "अगं थांब, आधी कागदावर लिही काय काय चालतंय. बिघडलेलं नको, चाललेलं लिही." हे मला फार आवडलं. मग लिहिलं. किकने गाडी लगेच चालू होते, बॅटरी मेलेली असली तरीही. हेडलाइट लागते पण पिवळट. बॅटरी भरलेली असेल तेव्हा सेल्फ एकदम जोरात फिरतो. हॉर्न एकटा दिला तर बरा वाजतो.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या जुन्या स्कूटरांमध्ये दोन वेगळे संसार असतात. हेडलाइट आणि मागचा पार्किंगचा दिवा थेट मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर, म्हणून रेस दिली की उजळतात आणि आयडलला मंदावतात. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट, सेल्फ हे बॅटरीच्या डीसीवर. (२०१७च्या एप्रिलपासून हेडलाइट कायम चालू ठेवायचा नियम आला, त्यानंतरच्या गाड्यांत बरंच बदललंय, तिथे हे जसंच्या तसं धरू नका.) आता माझ्याकडे एसीवाला हेडलाइटही पिवळट आणि डीसीवाला हॉर्नही घरघरतो. दोघांची वीज वेगळीकडून येते मग दोघांमध्ये समान काय? तर परत जायची वाट. अर्थ. माझ्या गाडीत हिरवी वायर. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हे ऐकल्याबरोबर मान डोलावली आणि चहा मागवला.

मेकॅनिक काय, आपण काय, सगळे प्लस शोधत बसतो, करंट येतोय का करंट येतोय का, टेस्ट लॅम्प लावला आणि पेटला की म्हणतो येतोय, मग बल्ब बदल. पण अर्धं सर्किट परतीचं असतं त्याच्याकडे कोणी बघत नाही.

पहिलं माप चार्जिंगचं घेतलं, कारण आरआर युनिटचा विषय आधी संपवायचा होता. मीटर डीसी २० व्होल्टवर, दोन्ही पिना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. गाडी बंद असताना १२.६. चालू करून मध्यम रेस दिली तर १४.२ आणि तिथेच स्थिर, जास्त रेसला वर पळत नाही. म्हणजे चार्जिंग व्यवस्थित. १३च्या खाली राहिलं असतं किंवा १५च्या वर गेलं असतं तर त्या युनिटवर संशय घ्यायला जागा होती. आणि एक, काही लोक अजूनही गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघतात की बंद पडते का, ते कृपया करू नका, बॅटरी निघाली की व्होल्टेज वर उडतं आणि चांगलं युनिट, बल्ब दोन्ही जातात.

मग ब्रेकलाइट. हा बल्ब २१ वॅटचा असतो, म्हणजे बारा व्होल्टला पावणेदोन अँपिअर, टेस्टिंगला एकदम चांगला कारण खरा लोड आहे. मुलीला ब्रेक दाबून बसवलं (तिची अट सेव उसळ, तीही रस्सा एक्स्ट्रा), आणि ब्रेक दाबलेला असतानाच मोजलं. बॅटरीवर १२.४. बल्बच्या दोन टोकांमध्ये फक्त ८.७. मग बाकीचे गेले कुठे? एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी बल्बच्या प्लसला, ०.३, ठीक, स्विच आणि लांब वायर आहे म्हटल्यावर एवढं चालतं. एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बल्बच्या अर्थला, ३.४! इथे शून्याच्या आसपास काहीतरी यायला पाहिजे होतं, फार तर ०.२. तिन्हींची बेरीज केली तर बरोबर १२.४, हिशोब जुळला. बाबांना सांगितलं तर म्हणाले जुळणारच, तो काय तलाठ्याचा हिशोब आहे का.

हे माप लोड चालू असतानाच घ्यायचं हे फार महत्त्वाचं आहे. मीटरच्या बझरवर (वायर सलग असेल तर जो वाजतो) तीच हिरवी वायर तपासली तर टीं करून मस्त वाजते. कारण त्या जॉइंटमध्ये जेमतेम सव्वादोन ओहमचा अडथळा होता, आणि बझर तर तीसेक ओहमपर्यंतसुद्धा वाजतो, त्याला तेवढ्याचं काही वाटत नाही. पण दीड अँपिअर जायला लागला की त्याच सव्वादोन ओहमवर साडेतीन व्होल्ट खाल्ले जातात. बझर वाजला म्हणजे वायर चांगली, हे डोक्यातून काढून टाका.

लाल दिवा इंडिकेटरच्या तालावर का लुकलुकत होता तेही इथेच कळलं. इंडिकेटरच्या करंटला परत जायला हिरव्या वायरची वाट मिळेना, तेव्हा तो मागच्या दिव्याच्या फिलामेंटमधून उलटा घुसून, लाइटच्या वायरने मॅग्नेटोच्या कॉइलमध्ये आणि तिथून इंजिनाच्या बॉडीला. वीज आपली वाट शोधतेच. असा दिवा दुसऱ्याच्या तालावर नाचताना दिसला की जवळजवळ डोळे मिटून अर्थ म्हणायचं.

जागा शोधायला एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं टोक मागच्या दिव्याच्या अर्थला लावलं, आणि ब्रेकलाइट असा काही उजळला की मुलगी तिकडून ओरडली झालं का काम. नाही झालं, पण कळलं. मग तेच टोक पुढे पुढे सरकवत नेलं, मागचा कपलर, सीटखालचा कपलर, मग पुढच्या पॅनेलमागे. सेल्फ चांगला फिरतो म्हणजे बॅटरीपासून इंजिनापर्यंतची जाड वायर ठीक, हेही धरून चालले होते. शेवटी पुढच्या पॅनेलच्या आत, हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) काळ्या टेपमध्ये एक जागा जरा फुगलेली लागली हाताला. टेप कापली तर आत मागून येणारी हिरवी, हँडलकडून येणारी हिरवी आणि फ्रेमच्या बोल्टकडे जाणारी हिरवी अशा सगळ्या एकाच पितळी पट्टीत दाबलेल्या, आणि त्या पट्टीची झालेली हिरवी पूड. ओढलं तर एक वायर हातातच आली. कुठल्याही कपलरमध्ये नाही, बाहेरून दिसणारच नाही अशी जागा, आणि अख्ख्या गाडीचा अर्थ तिच्यावर.

दुरुस्तीला शोधण्यापेक्षा जास्त वेळ गेला. वायरचं आवरण सोललं तर आतलं तांबं काळं. काळ्या तांब्यावर सोल्डर बसतच नाही, गोळी होऊन घरंगळतं. पाणी आवरणाच्या आतून वर चढतं, त्यामुळे मागे मागे कापत जावं लागलं, लालसर चकचकीत तांबं दिसेपर्यंत, मग तेवढा नवा तुकडा जोडायचा. वायर घ्यायची ती गाडीची, बारीक बारीक तारांची लवचिक, घरातल्या वायरिंगची एकतारी अजिबात नको, ती व्हायब्रेशनने जॉइंटजवळ तुटते. मी दांडिया बाजारातून दीड स्क्वेअर एमएमची हिरवी घेतली आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब, तापवली की आक्रसून घट्ट बसते ती. वायर एकमेकींत पिळायच्या, सोल्डर आत झिरपेपर्यंत तापवायचं, थंड झाल्यावर ट्यूब, आणि मग तो जॉइंट हार्नेसला बांधून टाकायचा म्हणजे हलणार नाही. नुसतं पिळून काळी टेप लावायची पद्धत बडोद्याच्या मे महिन्यात टिकत नाही, टेपचा गोंद वितळून चिकट राडा होतो आणि धूळ आत. फ्रेमचा बोल्टसुद्धा काढला, खालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला, लग (वायरीच्या टोकाची कडी) घट्ट बसवला आणि वरून व्हॅसलीन. मागच्या दिव्यावर पुन्हा मोजलं, ब्रेक दाबून, अर्थच्या बाजूला ०.०८.

हॉर्न दिला तेव्हा शेजारच्या विंगमधून कोणीतरी डोकावून बघितलं.

आता बॅटरी का बसते ते. चार्जिंग होतंय हे कळलेलंच होतं, म्हणजे गाडी उभी असताना कोणीतरी पितंय. यासाठी बॅटरीची मायनस वायर काढायची आणि मीटर मधे लावायचा, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जातो. आधी १० अँपिअरच्या सॉकेटवर, काही मोठं नाही ना बघून मग मिलिअँपिअरवर. मीटर असा लावलेला असताना चुकूनसुद्धा सेल्फ दाबायचा नाही, मीटरचा फ्यूज गेलाच समजा, म्हणून किल्लीच खिशात ठेवायची. या गाडीत घड्याळ नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नाही, किल्ली बंद असताना शून्याच्या जवळ यायला पाहिजे. आलं ६२ मिलिअँपिअर. बॅटरी ३ अँपिअर-अवरची, म्हणजे ३००० भागिले ६२, साधारण अठ्ठेचाळीस तासात सपाट, आणि सेल्फ तर त्याच्या खूप आधी नाही म्हणतो. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, हिशोब झाला.

मग मीटरकडे बघत एकेक कपलर काढायचा. आरआर युनिटचा काढला, ६२च. (बिचारं युनिट, त्याला बदलायला निघाले होते.) सेल्फच्या रिलेचा काढला, ६२च. किल्लीच्या लॉकचा चार पिनांचा कपलर काढला, आणि काटा म्हणजे आकडा थेट शून्य. कपलर हातात घेतला तर जरा कोमट. त्यात कायम चालू असलेली लाल वायर आणि अर्थची हिरवी शेजारी शेजारी, आणि दोघींच्या मधे चिखल आणि हिरव्या क्षाराचा पूल बांधलेला, प्लॅस्टिक तिथे तपकिरी पडलेलं. नळ गळावा तशी रोज थोडी थोडी वीज तिथून अर्थला. टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून ड्रायरने वाळवला तेव्हा आकडा ३वर आला, पण प्लॅस्टिक जळकं झालेलं ठेवायला मन होईना म्हणून नवा चार पिनांचा कपलर वायरांसकट आणला आणि सोल्डर केला. मग शून्य. जोडताना रंग आणि जागा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि माझ्या गाडीचे रंग तुमच्या गाडीला असतीलच असं नाही, कंपनीगणिक बदलतात.

राहिला फ्यूज. १० अँपिअरचा, हँडल पूर्ण डावीकडे घेतलं की उडायचा, ते पण नेहमी नाही. सोसायटीतल्या एकांनी सुचवलं की फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा लाव, काही होत नाही. होतं. पेट्रोलच्या टाकीजवळून जाणारी वायर तापते, हे होतं. बाबांची जुनी युक्ती केली, फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट दोन वायरींनी लावायचा. शॉर्ट नसेल तर बल्ब विझलेला किंवा अगदी मंद, शॉर्ट झाला की भक्कन पेटतो, आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही म्हणून काही जळत नाही. प्रत्येक वेळी फ्यूज जाळत बसण्यापेक्षा किती बरं. किल्ली चालू केली, हँडल डावीकडे घेतलं, बल्ब पेटला, सरळ केलं, विझला. मग हँडल डावीकडेच ठेवून हार्नेस जागोजागी दाबून, हलवून बघत गेले, हँडलच्या मानेजवळ दाबला की बल्ब विझायचा. पुरानंतर सफाई करताना पुढचं पॅनेल काढलं होतं, बसवताना हार्नेस त्याच्या क्लिपच्या बाहेर राहिलेला, आणि वळवलं की फ्रेमच्या धारदार कडेवर घासायचा. एका काळ्या (माझ्या गाडीत ही प्लसची) वायरीचं आवरण नखाएवढं उडालेलं. तिथे ट्यूब चढवली, वर जाड स्लीव्ह, आणि हार्नेस परत क्लिपमध्ये, दोन्हीकडे हँडल पूर्ण फिरून वायर ताणत नाही ना बघून.

अख्खं वायरिंग नवं टाकलं असतं तर हे तिन्ही दोष गेले असते का? अर्थचा आणि फ्यूजचा बहुतेक गेला असता, जर नवीन हार्नेस नीट क्लिपमध्ये बसवला असता तर. लॉकचा कपलर मात्र अर्धा लॉकच्या बाजूला असतो, तो जुनाच राहिला असता, आणि नवी बॅटरी पुन्हा सोमवारी बसली असती, हे आपलं माझं मत. खर्च झाला तो वायर, ट्यूब, कपलर, स्प्रे, एवढाच, मीटर घरात होता. आणि सेव उसळ, अर्थात.

बाकीचे कपलरही मग एकेक उघडून साफ केले, हँडलच्या आतले, मागच्या दिव्याचे, फ्लॅशरचा (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा), प्रत्येकात थोडी थोडी माती निघाली, हे काम कंटाळवाणं आहे, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पॅनेलचे ते प्लॅस्टिकचे लॉक मात्र जपून, जुने झाले की बोटाने दाबलं तरी तुटतात आणि मग पॅनेल आयुष्यभर वाजतं.

पेट्रोलचा काटा अजून खोटं बोलतोय, टाकी अर्धी असली तरी फुल दाखवतो. काट्याकडची वायर तपासली, ती ठीक आहे, म्हणजे आता टाकीतला फ्लोट काढून त्याचे ओहम वर-खाली करून मोजायचे, आणि त्यासाठी टाकी जवळजवळ रिकामी व्हायची वाट बघतेय.